९८ रात्री आरव्हीत: अमेरिकेतल्या लांब प्रवासाचा आमचा अनुभव

कोल्हापुरात परत आल्यापासून राजारामपुरीतल्या आमच्या घरी जो येतो, तो चहाचा कप हातात घेताच पहिलं हेच विचारतो, "गाडीतच संडास? मग तो साफ कोण करत होतं?" मी करत होते. हे गाडी चालवायचे आणि मागच्या नळ्या-टाक्यांचं खातं माझ्याकडे. १२ मे ते १८ ऑगस्ट २०२५, ९८ रात्री, सुमारे १२,२०० किलोमीटर, सगळं एका भाड्याच्या पंचवीस फुटी आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात. पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळं आत. लेक डेन्व्हरजवळ राहते, म्हणून निघालो तिथून आणि परतही तिथेच आलो.

आधी निकाल सांगते. पुन्हा जायचं झालं तर पुन्हा आरव्हीच घेईन. पण प्रवास नकाशा समोर ठेवून आखणार नाही, टाक्या समोर ठेवून आखेन. आमच्या पहिल्या आराखड्यात ९८ रात्रींत ३७ मुक्काम होते. सहा महिने खपून मी तो तक्ता केला होता, रंग भरून. पंधरा दिवसांत तो मोडला आणि शेवटी मुक्काम झाले २१. मधल्या रद्द बुकिंगांचे पैसे गेले ते गेलेच. कारण साधं आहे. गाडी हलवायची म्हणजे घर आवरायचं. पाण्याची नळी काढा, विजेची वायर गुंडाळा, टाक्या रिकाम्या करा, प्रत्येक कपाटाची कडी लावा, तांब्या-भांडी फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळचे दोन तास त्यात जातात आणि नव्या जागी गाडी समपातळीत आणून सगळं परत जोडायला आणखी तास. एका रात्रीसाठी हे करणं म्हणजे लग्नघरातला मांडव रोज उतरवून रोज घालण्यासारखं आहे. एका ठिकाणी किमान तीन रात्री, जमलं तर पाच.

कागदपत्रांत फार अडलं नाही. पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी किती दिवस राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात, आम्हालाही मिळाले. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, ती उतरल्यावर लगेच ऑनलाइन पाहून घ्या. मध्येच कॅनडात चार दिवस जाऊन आलं की सहा महिने नव्याने सुरू होतात, असं आमच्या ओळखीच्या एकांनी छातीठोक सांगितलं होतं. तसं आपोआप होत नाही. गाडी चालवण्याच्या परवान्याचं म्हणाल, तर कोल्हापूर आरटीओतून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढला, सोबत मूळ कार्ड. आमच्या गाडीचं भरून वजन साडेसहा टनांच्या आसपास. तिकडे २६,००० पौंडांखालच्या अशा गाडीला वेगळा परवाना सहसा लागत नाही आणि आपल्याकडचा हलक्या वाहनाचा परवानाही साडेसात टनांपर्यंत चालतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

गाडी विकत घेऊन शेवटी विकून टाकावी, हाही विचार केला होता. भारतीय परवान्यावर विमा मिळवणं आणि परतीच्या तारखेआधी गिऱ्हाईक शोधणं, या दोन गोष्टींचा घोर नको म्हणून सोडला. त्याचा पश्चात्ताप नाही.

जागांचं बुकिंग मात्र लांबणीवर टाकू नका. राष्ट्रीय उद्यानांमधले चांगले कॅम्पग्राउंड बऱ्याच ठिकाणी बरोबर सहा महिने आधी ऑनलाइन खुले होतात आणि मिनिटांत संपतात. त्यांच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी दहा, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ. नोव्हेंबर-डिसेंबरात रोज त्या वेळेला मी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि घरातल्या सगळ्यांची जेवणं नऊनंतर. झायन उद्यानातलं वॉचमन आणि ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरचं मॅदर ही कॅम्पग्राउंड अशीच मिळवली. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज, सांडपाणी तिन्हींची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात आहे आणि अस्वलांमुळे तिथे तंबूला परवानगी नाही. ते वेगळ्या संकेतस्थळावरून आणि बरंच आधी बुक करावं लागतं.

क्रम आम्ही ऋतू पाहून लावला. मे-जूनमध्ये युटा राज्यातलं मोआब, झायन, ग्रँड कॅनियन, कारण नंतर तिकडचं वाळवंट भाजून काढतं. जुलैत यलोस्टोन, शेवटी ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान. तरी ग्रँड कॅनियनला मे महिन्यात रात्री इतकं गारठलं की दोघंही स्वेटर घालून झोपलो. तो कडा २,१०० मीटरवर आहे हे वाचलेलं होतं, पण वाळवंटात थंडी वाजेल हे मनाने धरलं नव्हतं.

आता टाक्या. आमच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलनची होती, म्हणजे दीडशे लिटर. आपल्या हिशेबात दहा हंडे. त्याखाली दोन टाक्या: मोरीचं आणि अंघोळीचं पाणी ग्रे टँकमध्ये, संडासाचं ब्लॅक टँकमध्ये. जोडणी नसलेल्या जागी दहा हंडे दोन माणसांना चार दिवस पुरतात, पण अडचण पाणी संपण्याची नसते, ग्रे टँक आधी भरतो. नळ सोडून भांडी घासली की दुसऱ्या दिवशीच तुंबतो. २०१९ च्या महापुरात आमच्या शहराला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा आणि घरात नळ कोरडे, अशी स्थिती होती. तेव्हा टँकरच्या रांगेतून आणलेल्या दोन हंड्यांत घर चालवलं होतं. आधी राखेने, मग फडक्याने, शेवटी ओंजळभर पाण्याने भांडी, ती सवय इथे कामी आली. राखेच्या जागी कागदी रुमाल. रश्श्याचा तेलकट तवंग आणि भाताची शितं पुसून कचऱ्यात टाकायची, मोरीत अजिबात नाही. एकदा मी कंटाळून पातेलं तसंच धुतलं तर दोन दिवस मोरीतून आंबूस वास येत होता.

ब्लॅक टँकची चूक मोठी होती, म्हणून सविस्तर लिहिते. मोआबला पूर्ण जोडणीची जागा मिळाली, तेव्हा वाटलं, नळी लावलीच आहे तर झडप उघडीच ठेवू, आपोआप जाईल. पाच दिवसांनी घाण वास आणि संडासाच्या भांड्यातून खाली पाहिलं तर ढीग. पाणी सगळं वाहून गेलं होतं, घट्ट तेवढं मागे राहिलं होतं. शेजारच्या गाडीतल्या सत्तरीच्या आजोबांनी समजावलं: ही झडप कायम बंद, टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम उघडायची, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. त्या दिवशी टाकीत भरपूर पाणी सोडून, गाडी थोडी फिरवून, तीनदा रिकामी केली तेव्हा सुटलो. रबरी हातमोजे, नळीच्या टोकाला पारदर्शक कोपर (वाकडा जोड) आणि तिकडच्या दुकानांत मिळणारा लवकर विरघळणारा कागद, एवढं पहिल्याच दिवशी घ्या. कागदावर आपलं भागत नसेल तर तांब्या बिनधास्त वापरा, या टाकीला पाणी जास्त मिळालेलं चांगलंच. आमची टाकी पाच दिवस टिकायची. पहिल्या आठवड्यानंतर मला किळस वाटली नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

स्वयंपाकाबद्दल बायका जास्त विचारतात. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. नेऊ नका, चालत नाही. मी घरची कांदा-लसणाची चटणी दोन किलो, गोडा मसाला, जिरेपूड हे सुकं सामान नेलं आणि कस्टमच्या नोंदीत प्रामाणिकपणे लिहिलं. पिशवी उघडून पाहिली, सोडलं. ताजा कढीपत्ता चालत नाही, सुकं मटणही नाही. तीन लिटरचा कुकर ही मी नेलेली सगळ्यात शहाणपणाची वस्तू. फिशिंग ब्रिज साधारण २,३६० मीटरवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तुरीची डाळ दोन तासांतही शिजेना. कुकरची पहिली शिट्टी झाली तशी पलीकडच्या गाडीतली बाई धावत आली, काहीतरी फुटलं म्हणून. तिला आमटी-भात वाढला. नंतर रोज शिट्ट्या मोजून ती हात हलवायची.

फोडणी मात्र आत करू नका. पहिल्याच संध्याकाळी लसणाची फोडणी आणि चटणी तेलात पडली आणि धुराचा अलार्म असा कोकलला की हे चप्पल न घालता खाली उतरले. छतावरचा झरोका उघडला, पंखा लावला, टॉवेलने वारा घातला, तरी दहा मिनिटं थांबेना. दुसऱ्या दिवशी ३० डॉलरची बाहेर ठेवायची छोटी शेगडी घेतली आणि तांबडा रस्सा पुढचे तीन महिने झाडाखाली झाला. अलार्मची बॅटरी काढायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. त्या एवढ्याशा डब्यात आपण प्रोपेन गॅसच्या टाकीशेजारी झोपतो.

साध्या जागी विजेची जोडणी ३० अँपिअरची असते, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की फ्यूज उडतो. हे आम्हाला दोनदा कळलं.

गाडी चालवणं. उजवीकडून चालवायची सवय ह्यांना आठवडाभरात झाली. रुंदी आणि उंचीची व्हायला महिना लागला. उंची बारा फुटांच्या आसपास, तो आकडा चिठ्ठीवर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा, कारण भाड्याच्या विम्यात छताचं नुकसान बहुतेकदा धरत नाहीत. कच्च्या रस्त्यालाही करारात मनाई असते. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर आहे आणि पुढे मैलच्या मैल उतार. ह्यांनी चाळीस वर्षं गगनबावड्याचा घाट उतरवला आहे, त्यामुळे खालच्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे सांगावं लागलं नाही. घाटाची सवय नसेल त्याने हे आधी शिकून जावं. झायनचा १९३० सालचा बोगदा आमच्या गाडीला अरुंद पडतो. तेव्हा १५ डॉलर भरले की रेंजर समोरची वाहतूक थांबवून मधून जाऊ द्यायचे. आता जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना तो बंद केल्याचं जाहीर झालं आहे, लांबून वळसा धरूनच आखा. ग्लेशियरच्या प्रसिद्ध घाटरस्त्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी वरपर्यंत नेता येत नाही. आम्ही आरव्ही कॅम्पवर ठेवून बसने गेलो आणि ह्यांना त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहायला मिळालं.

पेट्रोल पंपावर भारतीय कार्ड घातलं की मशीन पाच आकडी पिन कोड मागतं आणि आपला सहा आकडी. पहिल्या पंपावर तीनदा कार्ड नाकारलं गेलं तेव्हा घाम फुटला. आत काउंटरवर जायचं, पंपाचा नंबर सांगायचा, आधी पैसे भरायचे, उरले तर परत येतात.

पैशांचा हिशेब ठेवला होता. गाडीने लिटरला ३.८ किलोमीटर दिले, सगळं मिळून ८४० गॅलनच्या आसपास इंधन लागलं. भाडं आणि विमा मिळून दिवसाला सरासरी १६५ डॉलर, कॅम्पग्राउंडला सरासरी ३८. हॉटेल आणि कारपेक्षा हे स्वस्त पडतं या समजुतीने कुणी जाऊ नये. आम्ही घरचं जेवलो, आपल्या पलंगावर झोपलो, गुडघेदुखीच्या माणसाला रोज बॅगा उचलाव्या लागल्या नाहीत. आम्ही पैसे त्यासाठी मोजले. उद्यानांचा वर्षाचा पास आम्हाला ८० डॉलरला पडला. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना तोच २५० ला आहे आणि पास नसेल तर ११ गर्दीच्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा. ग्रँड कॅनियन, झायन, यलोस्टोन, ग्लेशियर चारही त्या यादीत आहेत, त्यामुळे दोन-तीन उद्यानं करणाऱ्यालाही पासच परवडेल. फुकट राहायचं असेल तर पश्चिमेकडे बीएलएम या सरकारी खात्याच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. आम्ही मोआबजवळ, डांबरी रस्त्यालगत तीन रात्री काढल्या. दिवा नाही, माणूस नाही, आकाशगंगा अशी की ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौथ्या दिवशी ग्रे टँक भरला आणि निघालो.

गाडी परत देताना टाक्या रिकाम्या, प्रोपेन भरलेलं, आतून झाडून-पुसून. तरी भाडे कंपनीने बाहेरच्या छत्रीचा दांडा वाकल्याचे ३५० डॉलर अनामतीतून कापले. पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेताना लेकीने सगळ्या बाजूंनी, छतासकट, अकरा मिनिटांचं चित्रीकरण केलं होतं. तेव्हा मी तिच्यावर वैतागले होते, ऊन लागतंय म्हणून. त्या चित्रीकरणात वाकलेला दांडा स्पष्ट दिसत होता. तीन मेल झाले, मग मान्य केलं. गणपती २७ ऑगस्टला होते. मी उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत असताना पैसे परत आल्याचा मेसेज आला. हात पिठाचे होते, ह्यांनी वाचून दाखवला.