पाला कुट्टी मशीन भाड्यानं घ्यावं का? निपाणी भागातल्या ऊसवाल्यांसाठी रिव्ह्यू

सरळ सांगतो, ऊस तुटल्यावर रानात राहिलेल्या वाळल्या पाल्याचे बारीक तुकडे करणारं पाला कुट्टीचं मशीन भाड्यानं घ्या, विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, आणि रान ओलं असंल तर ट्रॅक्टर बांधावरच थांबवा. पाचपैकी चार स्टार. एक कुठं कापला ते पुढं येतंयच.

आमचं रान वेदगंगेच्या काठचं, काळं, मळीचं. ऊस गेला की तोडणीचे टोळीवाले वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधून घेऊन जातात आणि मागं सगळ्या सऱ्या पाल्यानं भरलेल्या, मग दोन-चार दिवस ऊन खाल्लं की कुणीतरी काडी लावतंय आणि संध्याकाळी अख्ख्या शिवारात धूर. पेटवणाऱ्यांचंही काय चुकीचं नाही म्हणा, पाला तसाच ठेवला तर सरीतनं पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, खत टाकायला वाकता येत नाही. पण हिशोब तर बघा की राव. एकरी तीन ते चार टन पाला निघतो, त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि पालाश, म्हणजे पोटॅश, जवळजवळ एक टक्का, म्हणजे नुसतं पालाशच तीस-चाळीस किलो. जाळला की नत्र गेलं धुरातनं, कर्ब गेला, राख उरते ती पण निम्मी वाऱ्यावर. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस सोसायटीत पोटॅशच्या लाइनीत उभा.

मशीन म्हणजे काय, ट्रॅक्टरच्या मागं पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, फिरणारा आडवा रोटर, त्याला लोंबती जाड पाती, आणि सगळ्यात मागं एक रूळ. सगळी गंमत त्या रुळात हाय. रूळ वर-खाली करून पात्यांची उंची ठरते. उंची जास्त ठेवली तर पाला नुसता पिंजल्यासारखा होतो, लांबच्या लांब पानं तशीच राहतात, आणि फार खाली घेतलं तर पाती माती उकरायला लागतात, ढीगभर धुरळा आणि पाती बोथट. आमच्याकडं आलेल्या ड्रायव्हरनं पहिल्या सरीला वरनंच पळवलं, मी खाली उतरायला लावलं, मूठभर कुट्टी हातात घेऊन दाखवली, हे बघ वीतभर तुकडं राहिलंत, मग त्यानं रूळ दोन बोटं उतरवला आणि दुसऱ्या सरीपासनं बोटभर तुकडे पडायला लागले. तेवढ्या दोन बोटांत सगळा फरक. म्हणून सांगतो, पहिल्या सरीला मागनं चालत जावा, मोबाईल बघत बांधावर बसू नका.

आता दर. एकरी २५०० म्हणाला, २२०० ला तुटलं, डिझेल त्याचंच. तासावर पण घेतात. तासावर घेतलं की गडी निवांत, चहा-तंबाखू सगळं तुमच्या तासात, आणि एकरावर घेतलं की त्याला घाई, गिअर वरचा टाकून सुसाट. मला विचाराल तर एकरावरच ठरवा पण निम्मे पैसे हातात ठेवा, जिथं पाला दाट असंल तिथं दुसरा फेरा मारून झाल्यावर द्या. मशीन कागलकडनं आलेलं, एमएच-०९ चं म्हणजे महाराष्ट्रातलं, आणि रान केए-२३ मधलं म्हणजे कर्नाटकातलं, हद्दीवर राहायचा एवढाच काय तो फायदा, जिकडं स्वस्त मिळंल तिकडनं आणायचं. आपल्या कर्नाटकात होबळी (तालुक्यातला गावांचा गट) पातळीवर कृषी यंत्रधारे नावाची अवजारं भाड्यानं द्यायची केंद्रं आहेत, तिथं बाजारभावापेक्षा कमी भाड्यात अवजारं मिळतात, पहिला फोन तिथंच करा, मशीन मोकळं असंल तर चांगलंच.

स्टार कापला तो इथं. ठिबकच्या नळ्या गुंडाळून कडेला ठेवल्यात असं सांगूनसुद्धा भाऊ वळताना आत घुसला आणि नळीचा एक वेटोळा रोटरला गुंडाळला, मशीन बंद, कोयत्यानं कापून काढत बसलो. वरनं म्हणतो कसा, मालक नळी जुनीच होती की. बरं.

आणि एक, बुडखे, म्हणजे तोडल्यावर जमिनीत राहिलेले उसाचे खुंट, ह्या मशीननं नीट छाटले जातील असं समजू नका. पाती मारून बुडख्याच्या चिरफाळ्या होतात. बुडखा जमिनीबरोबर सपाट पाहिजे, तरच जमिनीखालच्या डोळ्यातनं जोमदार फुटवा येतो, नाहीतर वरच्या डोळ्यातनं काटकुळे कोंब. त्याला एकतर बुडखा छाटायचं वेगळं मशीन नाहीतर धारदार कोयता आणि दोन बायका. साडेतीन फुटी सरीवाल्यांनी तर आधी विचार करा, ट्रॅक्टरचं चाक बुडख्यावरनंच जाणार. साडेचार-पाच फुटी सरी असंल तर काय अडचण नाही.

वाफसा, म्हणजे पाणी ओसरून माती भुसभुशीत झालेली, नसताना काळ्या रानात मशीन घालू नका हे परत एकदा. एवढं वजन ओल्या मातीवरनं फिरलं की खालचा थर असा दाबतो की पाणी मुरत नाही, मुळी जात नाही, आणि पाला राखून माती सुधारायला निघालेला माणूस माती दाबून बसतो. शिवाय ओला पाला रोटरला गुंडाळतो ते वेगळंच. पाला कडकडीत, रान वाफशावर, असा मेळ बसला तरच बोलवा.

गावात दोन-तीन जण मशीनच्या नावानं खडे फोडतात, म्हणे कुट्टी केली आणि खोडवा, म्हणजे बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, पिवळा पडला. मी विचारलं, वर युरिया टाकला का? नाही. मग पिवळा नाही पडणार तर काय! पाल्यात कर्ब लई आणि नत्र कमी, कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते तुम्ही दिलं नाही तर ते मातीतलं ओढून घेतात आणि ऊस उपाशी. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट (म्हणजे हाच पाला) कुजवायचं जिवाणूंचं कल्चर, असं प्रमाण आहे, म्हणजे एकरी साधारण २५ ते ३० किलो युरिया. टाकल्या टाकल्या पाणी द्या, वर उन्हात पडलेला युरिया उडून जातो. नंतर बगला, म्हणजे वरंब्याच्या कडा, फोडताना थोडी माती पाल्यावर पडली की काम फत्ते. मशीननं फक्त तुकडे करायचे असतात, कुजवायचं काम त्याच्या भाड्यात येत नाही.

सरकारचं पण नवल वाटतं बघा. २०१५ पासनं मृदा आरोग्य कार्ड काढायला लावलं, त्यावर १२ गोष्टी, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, झिंक, बोरॉन सगळं. आमचं कार्ड कन्नडमध्ये, शेजारच्याचा पोरगा कन्नड शाळेत जातो त्यानं वाचून दाखवलं, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली, म्हणजे कमी. बरं, कार्ड सांगतं कर्ब वाढवा आणि दुकानात युरियाची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशाला, डीएपीची ५० किलोची १३५० ला. २०१० साली बाकीच्या खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यावर नेलं आणि युरियाचा दर मात्र बांधूनच ठेवला, मग माणूस स्वस्त तेच ओतणार की. मशीन विकत घ्यायला केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत ४० ते ५० टक्के अनुदान मिळतं, पण चार-पाच एकरवाल्याचं मशीन वर्षातनं दोन-चार दिवस चालणार आणि बाकी दिवस गोठ्यात कोंबड्या बसणार त्याच्यावर. त्यापेक्षा पाला न जाळणाऱ्याला कुट्टीच्या भाड्यात एकरी थोडी सूट दिली असती तर निम्मा धूर तिथंच थांबला असता असं माझं मत.

कागवाड-अथणीकडं कृष्णाकाठाला जिथं क्षारानं रान पांढरं फुटायला लागलंय तिथल्या मंडळींना तर मी चार नाही पाच स्टारनं सांगीन. वर पाल्याचं पांघरूण असलं की ऊन मातीला कमी लागतं, बाष्पीभवन कमी, क्षार वर चढायचं कमी होतं आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. पण ज्याचं रान आधीच पाणथळ झालंय त्याला ह्या मशीननं काय होणार नाही, त्यानं आधी निचऱ्याच्या पाइपांचं बघावं. खानापूरकडं उतारावरच्या तांबड्या रानात मी असतो तर कुट्टी न करता लांब पालाच उताराला आडवा अंथरला असता, बारीक तुकडे पहिल्या वळवाला वाहून ओढ्यात जातील.

कारखाने जोरात असतात तेव्हा मशीनला लाइन लागते, त्यामुळं तोड आली की लगेच फोन करा आणि शेजारच्या दोघा-तिघांचं एकदम लावा, सगळ्यांचं मिळून पाच-सहा एकर झालं की २२०० चं २००० पण होतंय. ठिबकच्या नळ्या मात्र बांधावर पण ठेवू नका, सरळ घरी आणा.