गाडीचे कागद फोनवर: कोकणात डिजिलॉकर आणि एमपरिवहन किती कामाचं?

पावसाळ्यात डिकीत ठेवलेल्या आरसीचा लगदा होणं कोकणात नवं नाही, ओल लॅमिनेशनच्या आतही शिरते. म्हणून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅप्समधून फोनवर कागद ठेवायची सोय इथे फार उपयोगाची आहे, आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक कागद चालतात. नियम केंद्राचा असल्यामुळे बांद्याहून पुढे गोव्यात शिरल्यावरही तोच लागू.

मात्र लायसन्सचा काढलेला फोटो किंवा डिजिलॉकरच्या ‘ड्राइव्ह’मध्ये स्वतः चढवलेलं स्कॅन मूळ कागदाच्या जागी धरत नाहीत. कागद ‘इश्यूड’ विभागात, थेट परिवहन खात्याकडून आलेला हवा. नाक्यावरची हुज्जत इथूनच सुरू होते.

डिजिलॉकरमध्ये आधारने लॉगिन करून रस्ते वाहतूक मंत्रालय शोधायचं. लायसन्ससाठी त्याचा नंबर, आरसीसाठी गाडीचा आणि चॅसीचा नंबर टाकायचा. अडतं ते नावावर. आधारवर आडनाव शेवटी आणि आरसीवर आधी, किंवा वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असलं, की नाव जुळत नाही म्हणून कागद येत नाही. अशा वेळी आरसीसाठी एमपरिवहन बरं. गाडी मुंबईतल्या काकांच्या नावावर आणि गावात चालवतो पुतण्या, ही तर घरोघरची गोष्ट. काकांनी एमपरिवहनवरून आरसी शेअर केली की पुतण्याचं काम होतं.

जुन्या पुस्तकी लायसन्सची ‘सारथी’त, म्हणजे लायसन्सच्या सरकारी संगणक नोंदीत, नोंद नसेल तर दोन्ही अ‍ॅप्सचा उपयोग शून्य. ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथे जाऊन बॅकलॉग नोंद करून घ्या. ते काम मे महिन्यात गाड्यांची गर्दी वाढायच्या आत उरका.

खरी अडचण रेंजची. लॉगिनला नेट लागतं आणि घाटात ते मिळेलच असं नाही. त्यामुळे निघण्याआधी घरीच कागद उघडून पीडीएफ उतरवून ठेवा, आणि पावसात फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये.

एमपरिवहनमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आरसीच्या तपशिलातच विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने. विमा संपलेली गाडी चालवली तर कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा नुकताच भरला असेल तर अ‍ॅपवर नवी तारीख यायला वेळ लागू शकतो, तोवर पॉलिसीची पीडीएफ जवळ असू द्या.

मूळ स्मार्ट कार्ड घरी कोरड्या जागी ठेवलं तरी चालतं. लायसन्स जप्त करायची वेळ आलीच, तर ती नोंद ई-चलानवरून थेट ‘सारथी’त जाते.