टायमिंग चेन बदलल्याचे बिल, आत मात्र जुनीच चेन: साताऱ्यातील अनुभव

वडिलांनी १९८७ साली घेतलेली हिरो होंडा सीडी १०० आजही आमच्या घरी रोजच्या वापरात आहे. साताऱ्यातील एका गॅरेजमध्ये तिच्या टायमिंग चेनच्या कामात आमची उघड फसवणूक झाली. जुन्या गाड्या जपणाऱ्या कोणाच्याही बाबतीत असे घडू शकते, आणि काम इंजिनाच्या आतले असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी उभ्या जागी चालू ठेवली की इंजिनाच्या डाव्या बाजूने खळखळ येत असे. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज निराळा असतो. तो पुढे हेडपाशी, म्हणजे सिलिंडरच्या टोकाशी, एका तालात टकटक असा येतो आणि गॅप नीट केला की जातो. टॅपेट आधीच तपासून घेतले होते, त्यामुळे दोष चेनकडेच होता. या इंजिनात क्रँकवरून (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरून) कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) जाणारी ही टायमिंग चेन डाव्या अंगाला असते. तिची ढील काढण्यासाठी एका लहान आर्मवर रबरी रोलर बसवलेला असतो, त्या आर्मला स्प्रिंगचा दांडा (टेन्शनर) सतत रेटत राहतो आणि त्या दांड्याची जागा इंजिनाच्या तळाशी एका बोल्टने बंद केलेली असते. वर्षानुवर्षे गरम ऑइलमध्ये राहून रोलरचे रबर कडक होते, त्यावर चेनच्या खाचा पडतात, चेनही लांबते, आणि मग स्प्रिंगच्या रेट्याने ती ढील भरून निघत नाही.

“चेन, रोलर, टेन्शनर, सगळा सेट ओरिजिनल टाकतो, पुन्हा बघायला नको,” असे गॅरेजमालकाने सांगितले. संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा आवाज पूर्ण बंद झालेला होता. बिल ३,८०० रुपयांचे होते आणि त्यावर ‘टायमिंग किट व मजुरी’ एवढीच ओळ होती. जुने सामान मागितले, तर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

थोड्याच दिवसांत यवतेश्वरच्या घाटात आवाज परत सुरू झाला, आणि या वेळी त्यात घासल्यासारखी घरघरही होती. त्याच मालकाने आता हाफ इंजिन (हेड आणि सिलिंडर) उतरवावे लागेल असे सांगून आणखी मोठा खर्च काढला, तेव्हा मी गाडी कोरेगावच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वीच डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरच्या स्क्रूंवर बोट ठेवले. मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावरचे, वीज निर्माण करणारे चाक. स्क्रूंच्या खाचांत माती आणि ऑइलचा जुना थर दगडासारखा बसलेला होता. क्रँकवरच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) चेन काढायची तर कव्हर उघडून पुलरने मॅग्नेट उतरवावाच लागतो. येथे कव्हरला कोणी हातही लावलेला नव्हता. तळाच्या बोल्टच्या कडा मात्र ताज्या सोललेल्या होत्या. तो काढताच स्प्रिंगबरोबर तीन वॉशर बाहेर आले.

आवाज बंद होण्याचे गुपित एवढेच होते. वॉशर घालून स्प्रिंग जादा दाबली, की जुनी चेनही काही काळ गप्प बसते. पण त्या दाबाने कडक झालेला रोलर झपाट्याने झिजतो. आमच्या गाडीत त्याचे काळे तुकडे ऑइलच्या जाळीपर्यंत पोहोचले होते. ती जाळी तुंबली असती, तर हेडला ऑइल कमी पडून कॅमशाफ्टच खराब झाला असता. पैसे गेले त्यापेक्षा मला याचा संताप अधिक आहे, कारण अशा जुन्या इंजिनाचे चांगले सुटे भाग मिळवताना किती वणवण करावी लागते हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

हे काम करून घेताना नव्या सामानाची पाकिटे आपल्यासमोर फोडायला सांगावीत, काढलेली चेन आणि रोलर घरी न्यावेत आणि बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्यावा. मॅग्नेट कव्हरच्या स्क्रूंचे छायाचित्र गाडी सोडण्यापूर्वीच काढून ठेवावे. कव्हर बंद होण्याआधी मॅग्नेटवरील ‘टी’ आणि कॅम स्प्रॉकेटवरील ‘ओ’ या खुणा आपापल्या जागी जुळलेल्या पाहून घ्याव्यात. नवी चेन खरोखर बसवणारा मिस्त्री या खुणा आनंदाने दाखवतो. दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे काम पुढे नेऊ नये.

पैसे परत मागितल्यावर गॅरेजमालकाने दाद दिली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. बिल, ते तीन वॉशर आणि मिस्त्रींचे लेखी निवेदन जोडून मी तक्रार दाखल करत आहे.