नावेच्या फोटोचं पेन्सिल स्केच : गिंप ३ कामाला कसं आहे?

फोनवरच्या एका-बटणाच्या ॲपमधून नावेचं स्केच काढलं की दोन गोष्टी हमखास बिघडतात. पाणी केसाळ होतं आणि डांबर फासलेली काळी बाजू कोऱ्या कागदासारखी पांढरी पडते. मार्च २०२५ मध्ये आलेलं गिंप ३ हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं आणि त्यात हे दोन्ही निस्तरता येतं. मेहनत मात्र आपली.

बिघाड मुळात गणितातला आहे. फोटोचं स्केच करायच्या नेहमीच्या पद्धतीत (पायऱ्या खाली आहेत) प्रत्येक ठिपक्याला त्याच्या आजूबाजूच्या सरासरी उजेडाने भागलं जातं. सगळीकडे सारखा काळा रंग असेल तर भागाकार एक, म्हणजे पांढरा. उरतात फक्त कडा. डांबर गायब होतं ते म्हणूनच.

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून सकाळी घेतलेला, ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो धरू: लाल पट्ट्याचा डोंगा, मागे हिरवट पाणी. साधं डिसॅच्युरेट केलं, म्हणजे रंग काढून टाकले, की लाल आणि हिरवा एकाच राखाडीत मिसळतात आणि नाळेची, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाची, कड बुडते. त्याऐवजी कलर्स मेनूतल्या डिसॅच्युरेटमध्ये मोनो मिक्सर घ्या; लाल ०.७, हिरवा ०.२, निळा ०.१. पट्टा उजळतो, पाणी गडद होतं.

आता त्या लेयरची (चित्राच्या थराची) नक्कल करा, ती इन्व्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं (शेजारचा लिनियर इन्व्हर्ट नव्हे, त्याने सगळं फिसकटतं), गॉशियन ब्लर देऊन धूसर करा आणि लेयरचा मोड (खालच्या थरात मिसळायची रीत) डॉज ठेवा. आवृत्ती ३ ची खरी कमाई इथे आहे. ब्लर आता लेयरला कायमचा चिकटत नाही. लेयरपुढच्या एफएक्स खुणेवर टिचकी मारून आकडा कधीही बदलता येतो. फक्त ब्लरच्या खिडकीत मर्ज फिल्टरवर बरोबरची खूण राहिलेली नाही ना, ते बघा. जुन्या २.१० आवृत्तीत आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि आकडा बदलावा लागतोच, कारण नाव आणि पाणी यांना एकच ब्लर मानवत नाही. नावेला २५ ते ३० हवा, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांना जाडी येते. पाण्याला ५ किंवा ६ पुरे. मोठ्या लाटांचे डाग विरतात, बारीक फिकट रेघा राहतात. ब्लर ३० असताना ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ करून एक लेयर काढा, मग तो लेयर लपवून ब्लर ६ करा आणि दुसरा काढा. नावेचा (ब्लर ३० चा) लेयर पुन्हा दिसता करून वर ठेवा, त्याला काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) लावा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त डोंगा उघडा.

डांबर परत आणायला मूळ राखाडी लेयरची एक नक्कल सगळ्यात वर, मल्टिप्लाय मोडमध्ये, ओपॅसिटी (दाटपणा) २५ ते ३० टक्के, तीही मास्कने नावेपुरतीच. शेवटी लेव्हल्समधला मधला आकडा ०.७ च्या आसपास आणला की फिकी रेघ शिसाची वाटू लागते. वल्ह्याची रेघ मध्येच तुटली असेल तर फिल्टरच्या मागे लागू नका. पाथ टूलने आखून ३-४ पिक्सेलचा स्ट्रोक द्या.

दुपारी बाराचा फोटो मात्र कुणीच वाचवू शकत नाही. नागपूरच्या उन्हात पाण्यावर चमकेचे ठिपके पडतात आणि स्केचमध्ये ते मीठ-मिरी होऊन बसतात. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटोही टाळा. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, तर ए-फोर कागदाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ लागतात. शिवाय जेपेगचे चौकोन आकाशात जाळीसारखे उमटतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

तक्रारी आहेतच. मेनूंचं जंगल नवख्याला घाबरवतं, फोनवर हे चालत नाही आणि ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एफएक्सचा आकडा हलवला की चहा होईपर्यंत थांबावं लागतं. काम एक्ससीएफमध्येच, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फाइलमध्येच, जपा. जेपेगमध्ये लेयर आणि एफएक्स दोन्ही नाहीसे होतात.

छपाईला बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) गेलात तर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कागद मागा, ३०० जीएसएमच्या आसपासचा जाडसर, आणि प्रिंटरला फक्त काळी शाई लावायला सांगा. चार रंगांतून काढलं की राखाडीला हिरवट किंवा जांभळी झाक येते. ग्लॉसीवर छापलं, तर तो पुन्हा फोटोच दिसतो.