बंदिस्त प्रश्न की खुला? प्रश्नावली आखायला बसलेल्यांसाठी

गावाचं, सोसायटीचं किंवा प्रबंधासाठीचं सर्वेक्षण करायचं ठरलं की पहिल्याच प्रश्नाशी अडतं. प्रश्नापुढे पर्याय छापायचे की कोरी जागा सोडायची? २०११च्या जनगणनेत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घरयादीच्या फेरीत पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत विचारला होता. नळ, झाकलेली विहीर, उघडी विहीर, हातपंप, नदी, तळं असे पर्याय आधीच ठरलेले, प्रगणकानं त्यातला आकडा मांडायचा. हा बंदिस्त प्रश्न. सुमारे २४ कोटी ६७ लाख कुटुंबांची उत्तरं एका मापानं मोजता आली ती त्यामुळेच. मातृभाषेचं मात्र वेगळं होतं. माणूस सांगेल ते नाव लिहून घ्यायचं. त्यातून तब्बल १९,५६९ नावं हाती आली! छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि दहा हजारांहून जास्त भाषकांच्या भाषा उरल्या १२१. भोजपुरी सांगणारे कोट्यवधी लोक हिंदीत धरले गेले. अहिराणी ‘खानदेशी’ या मथळ्याखाली वेगळी राहिली. ‘मराठी, हिंदी, इतर’ एवढेच चौकोन छापले असते, तर अहिराणी हे नाव कागदावर उमटलंच नसतं.

म्हणजे गाळणी दोन्हीकडे लागते. बंदिस्त प्रश्नात ती विचारण्याआधी लागते आणि लोकांना दिसत नाही. खुल्या प्रश्नात ती नंतर लागते, पण मूळ उत्तर शिल्लक असतं, उद्या कुणी वेगळी वर्गवारी करू शकतं. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

पर्यायांचा जोर किती असतो हे अमेरिकेत २००८च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर प्यू संशोधन केंद्रानं मोजलं. मत देताना कोणता मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला, असं मतदारांना विचारलं. पाच मुद्दे वाचून दाखवले तेव्हा ५८ टक्के लोकांनी अर्थव्यवस्था निवडली. पर्याय न देता विचारलं तेव्हा तेच उत्तर ३५ टक्क्यांनी दिलं, आणि ४३ टक्क्यांनी यादीत नसलेलंच काहीतरी सांगितलं. यादी समोर असताना तिच्याबाहेर गेले ते फक्त ८ टक्के.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. हातात कागद घेऊन आलेल्या पाहुण्याला नाराज कशाला करायचं, म्हणून लोक ‘हो’ म्हणून मोकळे होतात. ‘पाणी पुरेसं मिळतं का?’ याला ‘हो’ मिळेल. ‘पाण्याचं कसं चाललंय?’ विचारलंत तर ते रात्री दोनला येतं आणि भरायला सून उठते, हेही कळू शकेल.

खुल्या प्रश्नाची किंमतही मोजायला हवी. शंभर घरांच्या टिक एका संध्याकाळी एक्सेलमध्ये चढतात. शंभर घरांची बोलणी वाचून गट पाडायला आठवडे जातात. लिहून घेणारा दमला की उत्तरं त्याच्या शब्दांत आखडतात. वय, घरातली माणसं, नळजोडणी आहे की नाही अशा गोष्टींना खुला प्रश्न लावणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं.

माझा सल्ला असा: आधी दहा-पंधरा घरी फक्त खुले प्रश्न घेऊन जा. तिथे जे शब्द वारंवार ऐकू येतील त्यांचेच पर्याय करा आणि मग बाकीच्या घरांसाठी बंदिस्त प्रश्नावली छापा. पर्याय तोंडी वाचणार असाल तर चार-पाचाच्या वर नेऊ नका, शेवटचाच लक्षात राहतो. घरागणिक क्रमही बदला. माणसांनी काय सोसलं हे जाणून घ्यायचं असेल, तो एक प्रश्न शेवटपर्यंत खुलाच ठेवा. आणि ‘इतर’पुढे दोन पूर्ण ओळी सोडा, बोटभर जागेत कुणी काही लिहीत नाही.