ऑर्थोच्या पेशंटला बेडसोअर होईल का हे आधी ओळखायचं, तर कुठली स्केल घ्यायची?

वॉर्डात बेडसोअरचा धोका मोजणारा नवीन असेसमेंट फॉर्म, म्हणजे स्केल, आणायचा ठरला की वादावादी ठरलेली. जुन्या सिस्टर म्हणतात ब्रेडनच ठेवा, हात बसलाय, कुणीतरी वॉटरलो कुठेतरी बघून आलेलं असतं, ओटीवाले (ऑपरेशन थिएटरवाले) मन्रो मन्रो करतात, आणि आता तर कॉम्प्युटरवाले येऊन सांगतात की फॉर्मच नको, आम्ही मॉडेल बनवून देतो. मी ऑर्थो, म्हणजे हाडांच्या, वॉर्डात बरीच वर्षं काढलीत आणि यातले बहुतेक कागद स्वतः भरलेत, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते: ऑर्थोमध्ये ॲडमिशनला एकदा भरलेला स्कोर काही कामाचा नाही, जी स्केल ऑपरेशन टेबलवरचे तास मोजते किंवा निदान ओटीतून आल्यावर परत भरायला लावते तीच घ्या. बाकी सगळं नंतर.

एक पेशंट अजून आठवतो. तरुण माणूस, मणक्याचं ऑपरेशन, सकाळी स्वतः चालत बाथरूमला जाऊन आला, ब्रेडनचा स्कोर 23 पैकी 21, म्हणजे कागदावर धोका नाहीच. ऑपरेशन लांबलं, पाच तासांच्या वर पालथा होता. तिसऱ्या दिवशी स्पंजिंग करताना कंबरेच्या पुढच्या हाडावर, दोन्ही बाजूंना, जांभळट डाग, बोटाने दाबलं तर पांढरं होईना आणि आसपासच्या कातडीपेक्षा तो भाग हाताला टणक लागत होता. वॉर्डात तर तो कूस बदलत होता, उठून बसत होता, मग हे आलं कुठून? टेबलवरून. खोलवर झालेली इजा वर दिसायला 48 ते 72 तास जातात, आणि तोवर सगळे समजतात की वॉर्डातच झालं. अमेरिकेतल्या एनपीयूएपी या बेडसोअरवर काम करणाऱ्या संस्थेने 2016 ला प्रेशर अल्सर (म्हणजे बेडसोअरच) ऐवजी प्रेशर इन्जुरी शब्द घेतला तो याचसाठी, कातडी फाटलेली नसली तरी खाली इजा असू शकते.

आता ब्रेडन. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची, 1987 ची. सहा गोष्टी बघायच्या: संवेदना, ओलावा, हिंडणं-फिरणं, पलंगात स्वतः हलता येणं, खाणंपिणं आणि घासणं-सरकणं. एकूण 6 ते 23, आणि इथे नवीन मुली हमखास चुकतात, कमी आकडा म्हणजे जास्त धोका. 18 किंवा खाली आला की लक्ष ठेवायचं, 12 किंवा खाली गेला की डोक्यावर घंटा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी घ्या, ट्रॅक्शनवर (पाय वजनाने ओढून ठेवलेला): संवेदना 4, ओलावा 3, हिंडणं 1, हलणं 2, जेवण 2, घासणं 2, बेरीज 14, मध्यम धोका. ठीक आहे, बरोबरच आहे. पण त्यांना स्पायनल (कमरेतली भूल) दिल्यावर काही तास कमरेखाली काही कळतच नाही, म्हणजे तो 4 चा आकडा खोटा झाला, आणि फॉर्म मात्र तोच फाईलला लावलेला. ब्रेडनमध्ये वयही नाही, ऑपरेशनही नाही. भरायला मात्र दोन मिनिटं, आणि सहा खान्यांपैकी कुठला कमी आहे ते बघून काय करायचं तेही कळतं, ओलाव्याचा आकडा कमी तर चादर आणि डायपरकडे बघा, जेवणाचा कमी तर डाएटिशियनला बोलवा. हा तिचा खरा फायदा, स्कोरपेक्षा मोठा.

वॉटरलो ब्रिटनमधली, ज्युडी वॉटरलो यांची, 1985 ची, आणि उलटी चालते, जास्त आकडा म्हणजे जास्त धोका. 10 ला धोका, 15 ला जास्त, 20 ला खूप जास्त. हिच्यात ऑर्थोचा विचार आहे हे मात्र मानलं पाहिजे. हाडाचं किंवा मणक्याचं ऑपरेशन असेल तर 5 पॉइंट, टेबलवर दोन तासांच्या वर असेल तर 5, सहा तासांच्या वर गेलं तर 8, आणि पेशंट नीट सुधारत असेल तर हे पॉइंट 48 तासांनी काढताही येतात. त्याच आजींचं बघू, वय 81 च्या पुढे धरलं तर 5, बाई म्हणून 2, कातडी कोरडी 1, ट्रॅक्शनवर पडून 4, ऑर्थो 5, म्हणजे खाण्यापिण्याचं काही न धरताच 17. पटतं. पण आता पस्तिशीतला धडधाकट माणूस घ्या, मांडीचं हाड मोडलंय, ट्रॅक्शनवर आहे: पुरुष 1, वय 1, ट्रॅक्शन 4, ऑर्थो 5, झाले 11! म्हणजे ऑर्थो वॉर्डात वॉटरलो लावली की जवळजवळ सगळा वॉर्डच धोक्यात, आणि सगळेच धोक्यात असले की एअर मॅट्रेस कुणाला द्यायची हा प्रश्न होता तिथेच राहतो. कुणी सुटत नाही हे खरं, पण निवडताही येत नाही.

नॉर्टन आहे 1962 ची, पाच खाने, 14 किंवा खाली म्हणजे धोका. म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेली होती आणि त्यात खाण्याचा स्वतंत्र खानाही नाही. ऑर्थोसाठी नवीन घेऊ नका, एवढंच.

ओटीच्या स्केल वेगळ्या. मन्रो 2010 च्या सुमाराची, तीन टप्प्यांत भरायची, आधी, टेबलवर, आणि नंतर, आणि स्कोर पुढे जमा होत जातो. भूल कुठली, बीपी किती पडलं, अंग गार पडलं का, कुठल्या पोझिशनमध्ये ठेवलं, रक्त किती गेलं हे सगळं त्यात येतं. हाडाच्या ऑपरेशनमध्ये यातलं काय होत नाही सांगा, हाडात सिमेंट घालताना बीपी खाली येतं, ओटी गार असते, कुशीवर ठेवलं तर खालचा खुबा आणि घोट्याबाहेरचं हाड दबतं, फ्रॅक्चर टेबलवर मांड्यांमधल्या खांबाने तिथली कातडी दबते, पालथं असेल तर छाती, हनुवटी, गुडघे. म्हणजे मुद्द्याचं नेमकं तिथेच आहे. अडचण ही की तीन ठिकाणची तीन माणसं तोच कागद भरणार, आणि रिकव्हरीत गडबड असली की तिसरा टप्पा कोरा राहतो. मी असे अर्धवट भरलेले इतके बघितलेत की मन्रो घ्यायची तर आधी हँडओव्हर कोण कुणाला देतं हे ठरवा, मगच छापायला द्या.

ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांच्यासाठी स्कॉट ट्रिगर्स, चारच प्रश्न: वय 62 किंवा जास्त, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) 3.5 च्या खाली किंवा बीएमआय 19 च्या खाली नाहीतर 40 च्या वर, एएसए ग्रेड (भूलवाले पेशंट किती आजारी ते ठरवतात ती) 3 किंवा वर, आणि ऑपरेशन तीन तासांपेक्षा जास्त चालणार. दोन हो आले की जास्त धोका धरायचा. ऑपरेशनच्या आधी भरता येतं, त्यामुळे पॅडिंग आधीच काढून ठेवता येतं. ब्राझीलमधली ईएलपीओ पण चांगली आहे, सात खाने, प्रत्येकी 1 ते 5, 20 किंवा वर गेलं की जास्त धोका, आणि तिच्यात टेबलवर कुठलं गादीचं मटेरियल आहे, हातपाय कसे ठेवलेत हेही विचारलंय, जे बाकी कागदांत कोणी नीट विचारत नाही.

आता मॉडेल. वय, अल्ब्युमिन, डायबेटीस, ऑपरेशनचा वेळ, रक्तस्राव असं सगळं घालून टक्केवारी देणारं. ऐकायला फार छान आणि काही खरंच चांगली असतात, पण विकत घ्यायच्या किंवा लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा. पहिली, हे अंदाज कधी देतं? ऑपरेशन प्रत्यक्षात किती वेळ चाललं हा आकडा त्यात असेल तर ते ओटीत जायच्या आधी चालूच शकत नाही, मग पॅडिंगचं काय ठरवणार. दुसरी, ज्या हॉस्पिटलात बनवलं त्याच्या बाहेर तपासलंय का, कारण त्याच पेशंटवर शिकून त्याच पेशंटवर पास होणं म्हणजे पेपर फुटलेली परीक्षा. तिसरी, 'ॲक्युरसी 95 टक्के' म्हणाले तर हसून सोडून द्या, शंभरात पाच जणांनाच बेडसोअर होत असेल तर 'कुणालाच होणार नाही' म्हणणारा दगडसुद्धा 95 टक्के बरोबर असतो.

आणि एक खोच लक्षात राहू द्या. ज्यांचा स्कोर वाईट त्यांना आपण मॅट्रेस देतो, दर दोन तासांनी फिरवतो, टाचा वर उचलून ठेवतो, त्यामुळे त्यांना होत नाही, आणि तो डेटा मशीनला दिला की ती शिकते की हे पेशंट सुरक्षित होते. आपलंच काम आपल्याच अंगावर येतं.

सगळ्यांचा हिशोब एकाच पद्धतीने करून बघता येतो. समजा 1000 ऑपरेशन, त्यातल्या 50 जणांना बेडसोअर होणार. स्केल यातले 80 टक्के पकडते, म्हणजे 40. उरलेल्या 950 पैकी 60 टक्क्यांना बरोबर सोडते, म्हणजे 380 जणांना उगाच लाल खूण लागते. 420 खुणांमागे 40 खरे, दहात एकसुद्धा पूर्ण नाही. रात्रपाळीला दोनच सिस्टर असतील तर या 420 जणांना कोण फिरवणार?

नुसत्या अनुभवाने ओळखणं काही कमी नाही हेही सांगते. ऑस्ट्रेलियात 2011 ला आलेल्या एका ट्रायलमध्ये 1231 पेशंट घेऊन वॉटरलो, रॅमस्टेडियस नावाचं एक टूल आणि नर्सचा अंदाज अशी तुलना केली, बेडसोअर होण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. ते मेडिकल आणि कॅन्सरचे पेशंट होते, ऑर्थोचे नव्हते, म्हणून मी त्यावरून स्केल फेकून द्या म्हणणार नाही. पण नवीन मुलीला अंदाज नसतो, तिला कागद हवाच.

मग घ्यायचं काय? खुब्याच्या फ्रॅक्चरची म्हातारी माणसं जास्त असतील तर ब्रेडन ठेवा, पण तीनदा भरा, आल्यावर, ओटीतून परत आल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी. लांबलचक मणक्याची आणि ट्रॉमाची कामं असतील तर ओटीत ईएलपीओ किंवा मन्रो जोडा, माणसं कमी असतील तर स्कॉट. वॉटरलो आधीपासून चालू असेल तर राहू द्या, पण 10 ऐवजी तुमच्या वॉर्डाच्या सोयीचा आकडा कुठे बसतो ते बघा. मॉडेल सगळ्यात शेवटी, आणि कागदाच्या जागी नाही, सोबत.

आणि ठरवायच्या आधी एक दुपार काढा. दोन सिस्टरना एकाच पेशंटकडे वेगवेगळं पाठवा, एकमेकींचं न बघता भरायला सांगा. आमच्याकडे केलं तेव्हा जेवणाच्या खान्यात एकीने 3 दिले आणि दुसरीने 1, कारण पहिलीने ताट आलेलं बघितलं होतं आणि दुसरीने ते परत जाताना.