मृत्युपत्राची नोंदणी: १०० रुपयांत काय मिळतं, काय मिळत नाही

महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी फी १०० रुपये, शिवाय पानांच्या हिशेबाने हाताळणी शुल्क. नोंदणी सक्तीची नाही, तरी ही सेवा घ्यावीच असं आमचं ठाम मत आहे. फक्त ती कशाची सेवा आहे हे ओळखून जावं. मृत्युपत्र करणारी व्यक्ती अमुक दिवशी स्वतः हजर होती आणि तिने सही कबूल केली, याचा फोटो-अंगठ्यासह पुरावा तिथे तयार होतो. वाटणी कायद्यात बसते का, वर्णन बरोबर आहे का, हे तिथे कोणी तपासत नाही.

म्हणून खरं काम जाण्याआधीचं. ‘माझा फ्लॅट मुलीला’ एवढ्याने भागत नाही. फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव, भाग दाखल्याचा (शेअर सर्टिफिकेट) क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ हे सगळं लिहावं. शेतजमीन असेल तर गट क्रमांक सातबाऱ्यावर आहे तसाच. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं असेल तर ‘उर्फ’ लावून दोन्ही घालावीत, नाहीतर पुढे फेरफाराच्या, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलण्याच्या वेळी वारसांना हेलपाटे पडतात. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. अख्खं वडिलोपार्जित घर एकाच मुलाला लिहून देणारे मसुदे पुढे कोर्टात अडकतात ते इथेच. शेवटी उरलेल्या आणि पुढे मिळणाऱ्या मिळकतीचं कलम हवंच. कार्यालयाबाहेर मिळणाऱ्या तयार मसुद्यांवर विसंबू नये. मसुद्यापुरता वकिलाचा खर्च करावा, तो वाया जात नाही.

साक्षीदारांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर सही करावी. नोटरीचा शिक्का याची जागा घेत नाही. आणि नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही. पुढे वाद झाला तर हयात असलेल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. म्हणून समवयस्क मित्रांऐवजी वयाने लहान, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही अशी माणसं निवडावीत. वय जास्त असेल तर एक साक्षीदार डॉक्टर असणं उत्तम.

प्रत्यक्ष दिवस सोपा असतो. आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक डेटा एन्ट्री करून, म्हणजे दस्ताची माहिती भरून ठेवायची, फी ग्रास या सरकारी ऑनलाइन चलनाने भरायची, वेळ आरक्षित करायची. मूळ मृत्युपत्र, सगळ्यांची ओळखपत्रं आणि ओळख पटवणारे दोन ओळखदार बरोबर हवेत. साक्षीदारच ओळखदार झाले तरी चालतं. खरेदीखतासारखी मिळकतीच्या हद्दीतल्याच कार्यालयाची अट इथे नाही, सोयीचं कार्यालय निवडावं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटीची तरतूद आहे. त्यासाठी अर्जाबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं.

या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट गुप्ततेची. खरेदीखताची सूची दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) कोणीही काढू शकतं, पण मृत्युपत्र निबंधक कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये जातं आणि ते करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त तिला किंवा तिने अधिकार दिलेल्याला मिळते. मजकूर कार्यालयातल्यांनाही दिसायला नको असेल तर जिल्हा निबंधकाकडे सीलबंद पाकिटात मृत्युपत्र ठेवता येतं. ही सोय फार कमी जणांना माहीत आहे.

एक गैरसमज मात्र घातक आहे. नोंदवलेलं मृत्युपत्र ‘पक्कं’ असतं असं नाही. नंतर रीतसर केलेलं, न नोंदवलेलं मृत्युपत्रही त्याच मिळकतीपुरतं आधीचं रद्द करतं. बदल केला की तोही नोंदवावा आणि त्यात आधीच्या दस्ताचा क्रमांक व तारीख टाकून तो रद्द केल्याचं स्पष्ट लिहावं.

गोव्यात यातलं बरंच लागू नाही. तिथे सक्तीचे वारस असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते, मृत्युपत्राने उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था लावता येते.

घरी आल्यावर दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून एक्झिक्युटरला (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला) द्यावं. मूळ प्रत हरवली तरी मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला जोडून प्रमाणित नक्कल मागता येते.